हाक मारेपर्यंत

मीनाबाई आमच्या घरी राहायला आली त्या दिवशी तिला गूळपाणी मीच दिलं, हे आधी सांगून टाकते. नाहीतर तुम्ही म्हणाल, नर्मदीच्या पोटात पहिल्यापासून पाप होतं. नव्हतं. पाप नंतर आलं, आणि आलं तेव्हा मी त्याला पाट मांडून बसवलं.

विलायतेत लढाई लागली ते साल. रनाळ्याच्या मुलींच्या शाळेतले म्हातारे मास्तर घरी बसले आणि त्यांच्या जागी पुण्याकडून ही चोवीस-पंचवीस वर्षांची मास्तरीण आली. एकट्या बाईला गावात खोली कोण देणार? भिकूच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, बापानं दिली. ओसरीच्या टोकाला सरकी ठेवायची खोली होती. ती मी दोन दिवस झाडली, सारवली, उंदरांची बिळं बुजवली. बाई एका ट्रंकेनिशी आली. ट्रंकेत पुस्तकं, चार पातळं आणि एक चेंडू.

"चामडं शे का ते?" मी विचारलं.

"हो. खेळायचा चेंडू आहे," ती हसून म्हणाली. "चुलीकडे नाही आणणार, वहिनी."

तेव्हा मला ती आवडली होती.

भिकू माझी एकुलती. तिच्या आधीची तीन पाळण्यातच गेली. ही झाली तेव्हा मी ओली बाळंतीण, पाच घरी पदर पसरून भीक मागितली, त्या दाण्यांवर हिला निजवलं, आणि सुइणीला देऊन सूपभर दाण्यांत परत विकत घेतली. मागून आणलेलं लेकरू दैवाच्या नजरेत भरत नाही म्हणतात. म्हणून नाव भिकू. ती जगली. बारा वर्षांची झाली. मी तिला नजरेआड होऊ दिलं नाही, आणि तिनंही माझा पदर सोडला नाही.

त्या साली कापूस फुटून शेत पांढरंधोप झालं आणि वेचायला माणूस मिळेना. दरसाल सातपुड्यातून दिवाल्या आपली वीस-पंचवीस माणसं घेऊन उतरायचा, आमच्या बांधावर झोपड्या घालायचा. पण जंगलात लढाईसाठी लाकूड तोडायचं काम निघालं होतं, तो तिकडेच राहिला. मग आम्हीच तिघं. भिकू शाळेच्या आधी आणि शाळा सुटल्यावर यायची. बोंडाची वाळकी टोकं बोटांत घुसतात, नखाजवळचं कातडं सोलून निघतं, ओटीतल्या ओझ्यानं कंबर मोडते. पण पोरीची कुरकूर नाही. मी माझी पात धरायची, ती शेजारची. पात म्हणजे वेचणारणीच्या वाट्याच्या ओळी. आपली पात टोकापर्यंत न्यायची, मध्येच सोडायची नाही, दुसरीच्या पातीत शिरायचं नाही. शिरलीस तर भांडण. हे मी तिला चालायला लागल्यापासून शिकवलं होतं.

दिवाळीनंतर मीनाबाईनं खेळ काढला. लोहाराकडून दोन लोखंडी कड्या करून घेतल्या आणि सागाच्या उंच दांड्यांवर ठोकल्या. शाळेपुढे जागा नव्हती. भिकूचा बाप म्हणाला, "आमनं खयं रिकामंच शे. खेळू द्या पोरीसले." ज्वारी खळ्यावर यायला अजून दोन महिने होते हे खरं. पण खळं माझं, सारवलेलं मी, आणि त्याच्यावर चामड्याचा चेंडू. मला कोणी विचारलंदेखील नाही.

खेळ तरी कसा, सगळा उफराटा. चेंडू हातात आला की उभं राहायचं, पाऊल टाकायचं नाही. जिच्या हातात चेंडू नाही तिनं मात्र पळायचं. सात पोरी इकडच्या, सात तिकडच्या. फेकत फेकत चेंडू कडीपर्यंत न्यायचा आणि कडीतून पाडायचा. बस, एवढंच. त्यासाठी एवढी शिकलेली बाई उन्हात उभी राहून घसा फोडायची.

"मोकळ्या जागेत जा! अगं शोभा, तिच्या अंगावर काय जातेस? जिथं कुणी नाही तिथं जा!"

पोरी कसल्या जातात! एकीच्या हातात चेंडू आला की बाकीच्या तिच्याभोवती, कोंबडीभोवती पिल्लं जमावीत तशा. बाई एकेकीचा दंड धरून लांब नेऊन उभी करायची. हात सोडला की पोर पुन्हा घोळक्यात. आठ दिवस हेच. मी जुना कडबा रचता रचता बघत होते आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं.

एकदा संध्याकाळी ती चुलीपाशी येऊन बसली. मी भाकरी थापत होते. तोंड उतरलेलं, पायांवर खळ्याची धूळ.

"वहिनी, ह्या मुली हलत का नाहीत हो? चपळ आहेत, हात चांगले आहेत. मग मोकळी जागा दिसत कशी नाही त्यांना?"

मला कारण पहिल्याच दिवशी कळलं होतं. जागा त्यांना चांगली दिसत होती. पण आमच्यात पोरीला दोन गोष्टी आधी शिकवतात: चारचौघींत राहा, आणि हाक आली की ये. उघड्यावर एकटी जाऊन उभी राहणारी पोर म्हणजे वाया गेलेली. हाक मारल्याशिवाय जाणार कशी ती? पण हे मी तिला कशाला सांगू?

"दूध कमी पडत असेल पोरींना," मी म्हटलं आणि भाकर तव्यावर टाकली.

मग एका रविवारी ती आपण होऊन शेतात आली. म्हणे, माणसं नाहीत ना, मी वेचते. घ्या! पदर खोचला आणि लागली वेचायला. कापसाबरोबर पाचोळाच जास्त. थोड्या वेळानं हिच्या पातीतलं एक बोंड, तिच्या पातीतलं दुसरं, असं फुलपाखरासारखं सुरू झालं. भिकू घाबरून म्हणाली, "बाई, तशी नका जाऊ. ती मन्ही मायनी पात शे."

बाई तिथंच थबकली. एकदा आमच्या ओळींकडे बघितलं, एकदा भिकूकडे.

"आणि तुझी पात संपली तर? पुढं कुठं जायचं कसं कळतं तुला?"

"माय सांगस ना."

"हं," बाई म्हणाली. जाताना तिनं भिकूची बोटं हातात घेऊन बघितली, घरी गेल्यावर आपल्या खोलीतलं खोबरेल काढून एकेका बोटाला लावलं. मी दारात तेलाची वाटी घेऊन उभी. माझ्याही हातात तेलच होतं. ते मी दिव्यात ओतलं.

दुसऱ्या दिवसापासून खळ्यावर नवा कायदा. बाईनं राखेनं चौकोन आखले. एका चौकोनात एकच पोर. कोणी कोणाचं नाव घेऊन हाक मारायची नाही, मारली की चेंडू दुसऱ्या बाजूला. चेंडूवालीनं फक्त बघायचं, आणि बाकीच्यांनी रिकामा चौकोन हेरून आपण होऊन तिथं जायचं.

"आधी जागा, मग चेंडू," बाई सांगायची. "चेंडूची वाट बघत उभी राहू नकोस. तू गेलीस की तो येईल तुझ्यामागं. अंगाला चिकटलेली असेल तर आधी डावीकडे पाय टाक, तिला तिकडं जाऊ दे, आणि तू उजवीकडे पळ."

हे पहिल्यांदा उमगलं ते माझ्या भिकूला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बघते तर चेंडू शोभाच्या हातात, सगळ्या खिळल्यासारख्या, आणि ही एकटी डावीकडे झुकून सट्‌कन उजवीकडे, पार खळ्याच्या टोकाला. हात वर. शोभानं न बोलावता चेंडू तिकडं फेकला. तो येऊन हातांत बसला.

बाईनं टाळ्या पिटल्या. "शाब्बास! बघा, बघा माझी भिकू कशी गेली!"

माझी भिकू! हातातली पेंढी तशीच राहिली माझ्या. तुझी? कधीपासून? मी तोंड धुवायला विहिरीवर निघून गेले.

त्यानंतर घरात दुसरं काही बोलणंच नाही. जेवताना बाई म्हनस, झोपताना बाई म्हनस. "माय, बाई म्हनस, मान वर करीसन पय." "माय, बाई म्हनस, रोज नखं कापानी." एका सकाळी मी फणी घेऊन बसले तर पोरीच्या डोक्यावर दोन वेण्या आधीच तयार. दर खेपेला माझ्या मांडीत डोकं देऊन किरकिरणारी पोर, आता बाईच्या खोलीतून वेण्या घालून येते आणि मला म्हणते, "देख माय, कश्या शेतस?"

"घोडीनी शेपटी शे," मी म्हणाले. तिचं तोंड एवढंसं झालं. मला त्याचंही बरं वाटलं, काय सांगू.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगते. एक दिवस एक पोर तापानं आली नाही. बाई कुंपणापाशी येऊन म्हणाली, "वहिनी, एक कमी पडतेय. या ना तुम्ही." पोरी ओरडल्या, "या ना काकू, या ना!" मी नाही नाही म्हणत होते, पण मनात काय आलं सांगू? म्हटलं, दाखवू या भिकूला. कोसभर डोक्यावर कापूस वाहणारी बाई मी, मला काय हा खेळ जड आहे? पदर खोचून खळ्यावर उतरले.

चेंडू माझ्याकडे आला आणि मी तो ओटीत घेतल्यासारखा पोटाशी धरून पळत सुटले, थेट कडीपर्यंत. चेंडू हातात असताना पळायचं नाही हे मला इतक्या दिवसांत पाठ झालं होतं, पण अंगाला कोण सांगणार? लुगड्याचा काष्टा सुटला. मी दांड्यावर आदळले. पोरी हसून हसून खाली बसल्या. त्यांच्या हसण्याचं मला काही नाही. पण भिकू हसत होती. बाईच्या खांद्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

मी काष्टा खोचत घरात आले. त्या दिवसापासून मी खळ्याकडे पाठ करून बसू लागले.

पौषात नंदुरबारला सामना ठरला. तिथल्या मुलींशी. धुळ्याहून तपासणीच्या बाई बघायला येणार, आणि दोन्ही शाळांतून एकेक चुणचुणीत पोर निवडून धुळ्याला नेणार, तिथं राहून शिकायला. आमच्या शाळेतून कोण, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. मीनाबाई ओसरीवर बसून भिकूच्या बापाला समजावत होती, मी दाराआड.

"पितांबरभाऊ, सात वर्षांत ती स्वतः मास्तरीण होईल. माझी बहीण आहे धुळ्यात, तिची देखरेख राहील. मीही बदली मागून घेईन तिकडं."

"पोर हुशार शे खरी," तो म्हणाला. थोडा वेळ अडकित्त्याचा आवाज. मग म्हणाला, "जाऊ द्या. निवड व्हयनी ते जाऊ द्या."

मला विचारलं नाही. बाई गेल्यावर मी बाहेर आले.

"आयका ना, एकच पोर शे आपली."

"मंग? मरी जाई का धुयाले? भिकूनी माय, तू अशी काय करस? तुले बरं वाटाले पाहिजे."

सगळे मला तेच सांगत होते, बरं वाटायला पाहिजे. आणि भिकू? ती ओट्यावर बसून पाटीवर धुळ्याचं नाव काढत होती. सारखं पुसायची आणि पुन्हा काढायची. तिला रडू आलं असतं, मला सोडून कशी जाऊ म्हणाली असती, तर देवाशपथ मी स्वतः तिची ट्रंक भरली असती. पण ती हसत होती.

सामन्याच्या दिवशी पहाटेच गाड्या जुंपल्या. बाई पोरींबरोबर पुढच्या गाडीत. भिकू तिकडं निघाली होती, मी तिला आमच्या गाडीत घेतली. थंडी मरणाची, बैलांच्या नाकांतून वाफा निघत होत्या. बाप पुढं कासरा धरून. मी घोंगडीत तिला ओढून घेतलं.

"भिकू, मन्हा गयावर हात ठेव."

"काबर माय?"

"ठेव म्हनस ना." तिनं ठेवला. गार हात. "मी तठेच बठेल राहसू, तुन्हासमोर. मी हाक मारसू तवयच जागा सोडशी. तोपावत जठे उभी शे तठेच राहानं. उघड्यावर, परक्या गावमा, लोके देखतस. मन्ही आन शे तुले."

"पन माय, बाई म्हनस, बोलावानी वाट देखानी नई..."

"तुन्हासाठे पाच घर पदर कोनी पसरा? बाईनी का मी?"

आणेचं काय असतं ते तिला माहीत होतं. आण मोडली की जिच्या गळ्यावर हात ठेवला ती मरते. मागून आणलेल्या लेकराची आण तर फारच कडक, असं तिला मीच सांगत आले होते. मी मनाशी म्हटलं, हाक मी मारीनच की. दोन-चारदा मारीन. खेळेल बऱ्यापैकी, पण निवड काही व्हायची नाही. एवढंच तर पाहिजे होतं मला.

नंदुरबारच्या शाळेचं मैदान मोठं, चुन्यानं आखलेलं. तपासणीच्या बाई खुर्चीवर. आम्ही बाया एका बाजूला, लिंबाच्या झाडाखाली. शिट्टी झाली. तिकडच्या पोरी तरतरीत होत्या, पण उभ्या राहायच्या आमच्या पोरी पूर्वी राहायच्या तशाच, एका ठिकाणी. आमची शोभा पळाली, बाकीच्या पळाल्या, राखेच्या चौकोनांत शिकलेलं सगळं दिसायला लागलं. फक्त मधली एक हलत नव्हती. भिकू. ती माझ्याकडे बघत होती.

मागून चेंडू तिच्याच वाटेनं पुढं जायचा होता. शोभा चेंडू धरून तिला शोधायची, आणि ही आपली खुंटीसारखी, अंगाला चिकटलेल्या पोरीच्या आडोशाला. तीन मोजेपर्यंत फेकला नाही की चेंडू गेला. एकदा गेला. दुसऱ्यांदा गेला. समोर एवढी मोठी जागा रिकामी, मला झाडाखालून दिसत होती. डावीकडे एक पाऊल आणि उजवीकडे पळ. बस.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. "भि" एवढं ओठांवर आलं, आणि पलीकडून मीनाबाई ओरडली, "भिकू! बाळ, जा ना! माझी भिकू ना तू!"

मी पदराचं टोक दातांत धरलं. मार म्हटलं हाक, तुझी आहे ना ती, मार. बघू कोणाच्या हाकेनं हलते.

भिकू बाईच्या हाकेनं हलली नाही. तिनं बाईकडे बघितलंसुद्धा नाही. तिचे डोळे माझ्यावर. दाव्याला हिसके देणाऱ्या वासरासारखी नुसती जागच्या जागी डुलत होती. शेजारची बाई मला म्हणाली, "ती पोर येडी शे का व? कोनी शे?" मी म्हटलं, "काय माहीत." असं म्हटलं मी. माझ्या तोंडानं.

पाच वेळा त्यांचा चेंडू कडीतून पडला, आमचा दोनदा. शिट्टी वाजली. मी हाक मारली नव्हती. एकदाही नाही.

तपासणीच्या बाईंनी आमच्याकडून शोभाचं नाव लिहून घेतलं. पोरींचा घोळका तिच्याभोवती जमला. मीनाबाई मात्र मैदानात धावत आली आणि भिकूपुढं गुडघे टेकून बसली.

"काय झालं, बाळ? मला सांग. काय झालं?"

भिकू शाळेतल्या बोलीत म्हणाली, "पायात काटा मोडला होता, बाई."

मी जवळच उभी होते. माझं काळीज असं फुललं म्हणून सांगू! माझ्यासाठी खोटं बोलली पोर. बाईशी. माझीच आहे. बाईनं त्या धुळीत तिचं पाऊल मांडीवर घेतलं, तळवा पदरानं पुसला आणि काटा शोधायला लागली. टाचेपासून बोटांपर्यंत दाबून बघितलं. दुसरा पाय घेतला, तोही बघितला. मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. भिकूचं पाऊल हळूच खाली ठेवलं, डोळे पुसले आणि इतर पोरींकडे निघून गेली.

मैदान रिकामं झालं. भिकू अजून तिथंच उभी.

"भिकू, ये, माय. चाल घर," मी हाक मारली.

ती लगेच आली. मी तिचा हात धरला. गाडीपाशी आलो. बाप तोंड फिरवून बैल जुंपत होता. एरवी चाकावर पाय देऊन टुणकन चढणारी पोर, ती गाडीच्या साटीला हात लावून उभी राहिली.

"माय, कोठे बसू?"

"बस ना, कोठेबी बस."

"नही. तू सांग."

मी माझ्या शेजारी हात ठेवला. ती तिथं बसली, पाय जवळ घेऊन. मी घोंगडी पांघरली, तिनं पांघरू दिली. डोक्यावरून हात फिरवला, फिरवू दिला. गाव मागं पडलं. ऊन चढलं. मी भाकरीचं फडकं सोडून तिच्यापुढं ठेवलं, तर ती भाकरीकडे नुसती बघत राहिली.

"खाय ना, पोरी."

मग तिनं खाल्लं. सगळं खाल्लं. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, पाण्याचा तांब्या तिच्या गुडघ्याला लागून होता. पण तिनं हात लावला नाही. माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "माय, पानी पेऊ का?"